आखाजीचा झोका आणि मतदानाची तारीख

वैशाखातल्या दुपारी जळगावच्या रस्त्यावर माणूस दिसला, तर तो एक तर दवाखान्यात निघालेला असतो, नाही तर निवडणुकीच्या कामाला, असे २०२४च्या मे महिन्यात आमच्या कार्यालयात गमतीने म्हटले जात असे. त्या वर्षी १० मे रोजी, शुक्रवारी अक्षय तृतीया होती. ११ मे रोजी सायंकाळी सहा वाजता जाहीर प्रचार थांबला आणि १३ मे रोजी, सोमवारी जळगाव, रावेर व नंदुरबार या तीन लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. धुळ्यात ते आणखी आठवड्याने, २० मे रोजी झाले. खानदेशाच्या वर्षातला सर्वांत मोठा सण आणि पाच वर्षांतला सर्वांत मोठा राजकीय दिवस यांच्यात जेमतेम दोन दिवसांचे अंतर राहिले होते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला अक्षय तृतीया आठवते ती सोन्याच्या जाहिरातींमुळे. खानदेशात ती 'आखाजी' आहे आणि तिचा मान दिवाळीहून कमी नाही; खेड्यांत तर अनेक घरांत अधिकच. दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर चालते, आखाजीला आली नाही तर शेजारी विचारतात. कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. पितरांच्या नावाने मातीची घागर भरली जाते आणि तिच्यावर डांगर, म्हणजे बाहेरच्यांचे खरबूज, ठेवले जाते. सांजोऱ्या तळल्या जातात. चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर तापते आणि दोन्ही हातांवर फिरवत मोठी केलेली पुरणपोळी त्याच्यावर पसरली जाते. सोबतीला आमरस. ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे, त्यांनी आखाजीवर कविता रचली, ती उगाच नव्हे.

आखाजीला हिशेबाचीही एक बाजू आहे. शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे आखाजीलाच सुरू होते. जुना मालक सोडायचा की नाही, उचल किती घ्यायची, कोणत्या गावी बिऱ्हाड न्यायचे, हे त्या दोन-चार दिवसांत ठरते. सालदारकी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक शेतकरी करतो. पण जिथे ती टिकून आहे तिथे एका कुटुंबाचा पत्ता बदलण्याचा दिवस अजून हाच आहे. मतदार यादीचा सारा डोलारा 'सर्वसाधारण निवास' या एका कल्पनेवर उभा असतो. सगळा समाज आपल्या पत्त्यावरून हलतो, अशा आठवड्यात ती यादी उघडली तर काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

उन्हाळा म्हणजे रिकामा काळ, असा शहरी समज आहे. शाळांना सुटी, शेतात काम नाही, म्हणून निवडणूक घ्यायला सोयीचे दिवस. खानदेशातल्या कोणत्याही गृहिणीला हे सांगून पाहावे. ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया, शेवया, मुगाचे वडे हे सारे होळीनंतर सुरू होते आणि पहिल्या वळवाच्या आत आटोपावे लागते. पापडाचा दिवस म्हणजे गल्लीतल्या आठ-दहा बायकांचा दिवस. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आमच्या लहानपणी पहाटे चारला गच्चीवर चुलीचा धूर दिसू लागला, की आज कोणाची पाळी आहे ते कळायचे. बिबड्यांचा गरम घाटा वाटीत घेऊन त्यावर कच्चे तेल ओतायचे आणि पापडाच्या लाट्या आईचा डोळा चुकवून पळवायच्या, हा आमचा वाटा. दुपारी कावळे हाकलण्यासाठी काठी घेऊन गच्चीच्या दारात बसणे, ही त्या वाट्याची किंमत. खानदेशातली जुनी घरे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची असत. ते छत दिवसा वाळवणाचे अंगण आणि रात्री अंथरुणाची जागा होई. संध्याकाळी बादलीभर पाणी शिंपडले, की मातीतून येणारा गंध आणि वाफ दोन्ही आठवतात.

आता स्लॅब आला, घरोघरी कूलर आला. तरी गच्ची सुटलेली नाही. २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्याच्या आशेने पुढच्या हंगामाचा कापूस अनेकांनी घरात भरून ठेवला आणि २०२३चा उन्हाळा उजाडला तरी तो विकला नाही. खोल्या कापसाने भरलेल्या, अंगाला खाज, म्हणून सगळे कुटुंब गच्चीवर, असे दृश्य मी एकाहून अधिक गावांत पाहिले. भाव मात्र परतला नाही. २०२४च्या निवडणुकीत कापसाचा जो राग ऐकू येत होता, त्याचा काही भाग त्या गच्च्यांवर साठला असावा, असे मला वाटते.

निवडणूक या साऱ्यात शिरली ती भोंग्याच्या आवाजाने. प्रचाररिक्षा सकाळी सातला गल्लीत येते, कारण दहानंतर तिला कोणी ऐकत नाही. उमेदवाराच्या फेऱ्या सकाळी साडेसात ते साडेदहा आणि पुन्हा साडेपाचनंतर. मधले सात तास उमेदवार, कार्यकर्ते आणि आम्ही पत्रकार एकाच आजाराचे रुग्ण असल्यासारखे सावलीत पडून असतो. लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा होती आणि चहापासून मंडपापर्यंत प्रत्येक वस्तूचा दर निवडणूक कचेरीने ठरवून दिलेला होता. परंतु रसवंतीच्या बाकावर कोणी कोणासाठी किती ग्लास सांगितले, याचा हिशेब ठेवणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे. घुंगरांच्या तालावर फिरणाऱ्या त्या चरकाशेजारी जेवढे राजकारण मी ऐकले, तेवढे सभांत ऐकले नाही.

त्या वर्षी एका गोष्टीची मात्र उमेदवारांना चुटपुट लागली होती. उन्हाळ्यातल्या निवडणुकीत लग्नमंडप म्हणजे तयार सभा असते. हजार-दोन हजार माणसे, खुर्च्या, पंखे, जेवण हे सारे दुसऱ्याच्या खर्चाने. उमेदवाराने फक्त अक्षता टाकायच्या आणि हात जोडत फिरायचे. २०२४ साली गुरू आणि शुक्र यांच्या अस्तामुळे मे महिन्यात लग्नाचे मुख्य मुहूर्तच नव्हते. एका पक्षाचा तालुका पदाधिकारी वैतागून म्हणाला होता, "ग्रहांनी आचारसंहिता लावली."

मंडपांची उणीव भरून काढली ती आखाजीने. सणाच्या दिवसांत पारावर, मळ्यात, कडुनिंबाखाली पत्त्यांचे डाव बसतात. त्यातले सगळेच डाव निर्मळ नसतात आणि पोलिसांच्या नजरेला ते ठाऊकही असतात. पण मतदाराचा कल जाणून घ्यायचा तर त्या डावाच्या मागे उभे राहावे. हुकूम टाकताना माणूस खोटे बोलत नाही. सुरतेच्या उधना-लिंबायत भागातून आखाजीला गावी आलेले कितीतरी खानदेशी त्या वर्षी तिथे भेटले. गुजरातचे मतदान ७ मे रोजीच झाल्याने ते बोटाला शाई लावूनच आले होते. गावातल्या उमेदवाराबद्दल सर्वांत मोठ्याने तेच बोलत होते आणि गावात त्यांच्यापैकी एकाचेही मत नव्हते.

लोकसभेची निवडणूक भर उन्हाळ्यात होते, याची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे, की तो जणू निसर्गनियम वाटावा. तसे नाही. देशातली पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. हिमाचलातल्या चिनी या दुर्गम भागात मतदान सर्वांच्या आधी, ऑक्टोबरमध्येच घेण्यात आले, कारण पुढे बर्फाने वाटा बंद झाल्या असत्या. म्हणजे हवामान पाहून वेळापत्रक आखण्याची बुद्धी पहिल्याच दिवशी होती; फक्त ती बर्फासाठी वापरली गेली. १९५७, १९६२, १९६७ या निवडणुका फेब्रुवारी-मार्चच्या आसपास झाल्या. १९७१ आणि १९७७ मध्ये मार्च, १९८० मध्ये जानेवारी, १९८४ मध्ये डिसेंबर, १९८९ मध्ये नोव्हेंबर. १९९१ आणि १९९६ या दोन निवडणुका उन्हाळ्यात झाल्या, पण १९९८ची फेब्रुवारीत आणि १९९९ची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली.

१९९९च्या लोकसभेची मुदत २००४च्या ऑक्टोबरपर्यंत होती. वाजपेयी सरकारने ती आधीच विसर्जित करून एप्रिल-मेमध्ये निवडणूक घेतली. त्या निर्णयाचा राजकीय निकाल सर्वांना माहीत आहे, त्याचा पंचांगी निकाल फारसा कोणी लिहिलेला नाही. २००४ मध्ये नवी लोकसभा उन्हाळ्यात स्थापन झाली आणि त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेने आपली पाच वर्षे पूर्ण केली. म्हणून २००९, २०१४, २०१९, २०२४, सगळे उन्हाळेच. स्थिर सरकारांची ही एक अनपेक्षित भेट. १९९९ची लोकसभा मुदत संपेपर्यंत चालली असती, तर तिच्यानंतरची निवडणूक पावसाळ्याच्या शेवटी आली असती आणि आज आपण कदाचित ऑक्टोबरच्या उकाड्याची तक्रार करत असतो. ती तक्रार परवडली असती.

खानदेशाचा स्वतःचा राजकीय इतिहासही थंडीच्या बाजूचा आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले ते डिसेंबर १९३६ मध्ये. नंदलाल बोस यांनी बांबूंनी उभारलेली ती नगरी, पंडित नेहरूंचे अध्यक्षपद आणि लोटलेली अफाट गर्दी यांच्या आठवणी या भागातल्या म्हाताऱ्यांनी पुढच्या दोन पिढ्यांना पुरवल्या. ते अधिवेशन मे महिन्यात भरले असते, तर आठवणी वेगळ्या असत्या. उन्हाळ्यातले सर्वांत मोठे राजकीय काम खानदेशात झाले, तेही तुरुंगात. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. धुळ्याचा एप्रिल-मे ज्याने काढला आहे, त्याला त्या दगडी भिंतींआडच्या श्रोत्यांविषयी वेगळाच आदर वाटतो.

सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामधले तापीचे हे खोरे, काळी जमीन, समुद्र दूर. उन्हाळ्यात इथली हवा भट्टीसारखी होते. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत गेला तर ती बातमी आतल्या पानावर जाते. तेच धुळे हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानांच्या यादीत असते. निवडणुकीसाठी ऋतू निवडायचा झाला, तर या भागाइतका स्पष्ट कौल दुसरा कोणता प्रदेश देईल?

२०२४च्या निवडणुकीत आयोगाने उन्हाची दखल घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. हवामान विभाग व आरोग्य खात्याशी चर्चा झाली, प्रत्येक टप्प्याआधी उष्णतेच्या लाटेचा आढावा घेण्यासाठी कृतिगट नेमला गेला, केंद्रांवर सावली आणि पाण्याचे आदेश निघाले. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना लोकसभेसाठी प्रथमच घरून मतदान करता आले. तरीही १ जून रोजी, शेवटच्या टप्प्यात, एकट्या उत्तर प्रदेशात ३३ निवडणूक कर्मचाऱ्यांचा उष्णतेने मृत्यू झाल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. ३ जूनला, मतमोजणीच्या आदल्या दिवशी, मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी निवडणूक निदान महिनाभर आधी संपायला हवी होती, असे मान्य केले.

कायद्याने त्यांचे हात बांधलेले नव्हते. सभागृहाची मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत केव्हाही निवडणुकीची अधिसूचना निघू शकते. त्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ रोजी संपत होती. म्हणजे डिसेंबर २०२३च्या मध्यानंतर मार्ग मोकळा होता. अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, शाळा हीच मतदान केंद्रे आणि शिक्षक हेच मतदान अधिकारी. गहू-हरभऱ्याची काढणीही तेव्हाच. शिवाय कोणत्याही सत्ताधाऱ्याला आपल्या मुदतीतले शेवटचे चार महिने आचारसंहितेत घालवायचे नसतात. यातले शेवटचे कारण कोणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत जड आहे.

आता आकड्यांकडे. माझ्या म्हणण्याला ते फारसा आधार देत नाहीत, हे आधीच सांगतो. १३ मे रोजी जळगावात ५८.४७ टक्के मतदान झाले, शेजारच्या रावेरात ६४.२८ टक्के आणि नंदुरबारमध्ये ७०.६८ टक्के. दिवस तोच, ऋतू तोच. 'उन्हामुळे टक्का घसरला' हे आमच्या पेशातले हुकमी वाक्य नंदुरबारने त्या दिवशी निकामी करून टाकले. सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी मतदार चालत जाऊन रांगेत उभा राहतो आणि जळगावच्या वसाहतींतला मतदार कूलरसमोर निवडणुकीची चर्चा करतो, याचा दोष सूर्याला देता येत नाही. २० मे रोजी धुळ्यात ६०.२१ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये चारही ठिकाणी मतदान एप्रिलमध्ये, आखाजीच्या आधीच, झाले होते. २०२४चा टक्का त्याहून थोडा वाढलेलाच होता.

मग तक्रार कशाची? टक्का किती जण आले ते सांगतो. कोण आले नाही आणि का, ते सांगत नाही. आलेल्यांना त्यासाठी काय सोडावे लागले, हे तर मुळीच सांगत नाही. एक उदाहरण घरातले आहे म्हणून सांगतो.

माझी मोठी बहीण शिंदखेड्याला दिली आहे. माहेर अमळनेरचे. दोन्ही गावे ताप्ती मार्गावरची, गाडीने फार तर दीड तासाच्या अंतरावर. पण अमळनेर जळगाव लोकसभा मतदारसंघात आणि शिंदखेडा धुळे मतदारसंघात. आखाजीसाठी ताई मुलांना घेऊन आली. १३ तारखेला आम्ही सगळे मतदान करून आलो, तेव्हा ती दारात उभी राहून आमची बोटे पाहत होती. ज्या गावात ती वाढली, जिथली प्रत्येक गल्ली तिला पाठ आहे, तिथल्या निवडणुकीत ती पाहुणी होती. तिचे मतदान २० तारखेला. "जाऊन येईन की एका दिवसात," ती म्हणाली होती.

आईने १७ तारखेला कुरडयांसाठी गहू भिजवला. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावे लागते, मग तो वाटून चीक गाळायचा, निवळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिजवून साच्यातून गच्चीवर घालायचा. त्या उन्हात चीक थांबत नाही. एक दिवस चुकला तर आंबतो आणि पाच किलो गहू वाया. आईचे गुडघे आता जिन्याला साथ देत नाहीत. गव्हाची मोजणी करताना कोणाच्याही डोक्यात मतदानाची तारीख नव्हती. घरातला पत्रकार मी, महिनाभर त्याच तारखेवर लिहीत होतो, पण माझ्याही नाही. २० तारखेच्या पहाटे मी धुळ्याच्या वार्तांकनासाठी निघालो, तेव्हा गॅसवर चिकाचे पातेले होते आणि ताई घाटत होती. गाडीत जागा होती. मी विचारले नाही, तिने म्हटले नाही.

४ जून रोजी धुळ्याचा निकाल लागला. काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. दोघांच्याही मतांचा आकडा ५ लाख ८० हजारांच्या वर होता. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण अशा सहा विधानसभा क्षेत्रांना वाटून दिले, तर हे मताधिक्य क्षेत्रामागे साडेसहाशेही भरत नाही. बागलाण-मालेगावच्या पट्ट्यात त्या वेळी उन्हाळ कांदा चाळींत भरला जात होता. निर्यातबंदी ४ मे रोजी उठली असली, तरी ४० टक्के शुल्क कायम राहिल्याने शेतकऱ्यांचा राग गेला नव्हता. निकालाची मोठी कारणे तीच होती: कांदा, मालेगावचे एकगठ्ठा मतदान, उमेदवारीवरची नाराजी. माहेरवाशिणींनी निकाल फिरवला असता, असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. त्या कोणाच्या बाजूने होत्या, हे कोणाला ठाऊक? पण निकालाचा आकडा टीव्हीवर झळकला, तेव्हा ताईने आवाज कमी केला आणि वाळलेल्या कुरडया डब्यात भरू लागली, एवढे मात्र मी पाहिले.

यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे. पोटासाठी परगावी गेलेल्यांना तिथूनच मत देता यावे, म्हणून निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केला आणि जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना बोलावले. पक्षांनी शंकांचा पाऊस पाडला आणि विषय तिथेच थांबला. स्थलांतरित मजुराचाच प्रश्न सुटत नसेल, तर पंधरा दिवस माहेरी आलेल्या बाईची कथा कोण ऐकणार? तिला पत्ता बदलून हवा आहे असेही नाही. तिला फक्त ती घरी असण्याच्या दिवसांत तारीख हवी आहे.

मतदान आटोपल्यावर उन्हाने खरा रंग दाखवला. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पारा इतका चढला, की जळगावच्या जिल्हा प्रशासनाने २५ मे रोजी कलम १४४चा आधार घेऊन आदेश काढला. भर दुपारी उन्हात कामगारांना राबवू नये, शिकवण्या दुपारी भरवू नयेत, असा त्याचा आशय होता. दंगलीसाठी लिहिलेले कलम उन्हासाठी वापरावे लागले, याची देशभर बातमी झाली. जळगावचे मतदान चौथ्या टप्प्याऐवजी सहाव्यात आले असते, तर रांगेत उभे राहण्याला त्या आदेशातून सूट द्यावी लागली असती, असे आम्ही त्या दिवशी म्हणालो आणि कोणालाही हसू आले नाही.

आतापर्यंत एक दिलासा होता. विधानसभेची निवडणूक तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. २०२४ची २० नोव्हेंबरला झाली. जळगाव आणि धुळे महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले, भरिताच्या वांग्याच्या ऐन हंगामात. त्या निवडणुकीचा प्रचार शेतातल्या भरीत पार्ट्यांनी रंगला. काट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, रात्री शेकोटी. उमेदवार तासभर बसला तरी कोणी घड्याळ पाहत नव्हते. हिवाळ्यात माणूस उमेदवाराला प्रश्न विचारण्याइतका वेळ उभा राहतो. मे महिन्यात तो हात जोडून सावलीकडे वळतो आणि उमेदवारालाही तेच हवे असते.

हा दिलासाही फार काळ राहील, असे नाही. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठीचे १२९वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि ते संयुक्त समितीकडे पाठविण्यात आले. खर्च, संघराज्य, प्रादेशिक पक्ष यांवर भरपूर चर्चा झाली आहे. ऋतूवर मी एकही गंभीर वाक्य वाचलेले नाही. विधेयकाची रचना विधानसभांची मुदत लोकसभेच्या मुदतीला बांधण्याची आहे. लोकसभेची घडी जूनला बसलेली असेल, तर विधानसभाही उन्हाळ्यात ओढल्या जातील. दोन यंत्रे, दुप्पट वेळ, लांब रांग आणि तेच ऊन. विधेयक मंजूर व्हायचेच असेल, तर निदान ही घडी फेब्रुवारीकडे सरकवण्याची संधी त्यात आहे. मागणी करायची तर ती खानदेश आणि विदर्भातल्या खासदारांनी करायला हवी, आणि ती करण्यात कोणत्याही पक्षाचे नुकसान नाही.

सध्याच्या लोकसभेची मुदत जून २०२९ मध्ये संपते. त्या वर्षी अधिक मास येत असल्याने आखाजी मे महिन्याच्या मध्यावर जाईल. वेळापत्रक आताच्याच चालीने आले, तर सण आणि मतदान पुन्हा एकमेकांच्या आसपास असतील. परवा फोनवर ताईला हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे गहू एप्रिलातच भिजवायचा का?"